साखरबाईचा डावा डोळा

साखरबाईचा डावा डोळा लहानपणापासून नाकाकडे वळलेला होता. माहेरी, दौंड तालुक्यातल्या वासुंद्याला, पोरी तिला चकणी म्हणायच्या आणि ती ओ द्यायची. बघायला पाहुणे आले तेव्हा ती मान खाली घालून बसली. तशा सगळ्याच मुली बसायच्या, त्यामुळे कुणाच्या ध्यानात काही आलं नाही. डोळा उघडा पडला तो शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याला सासरी आल्यावर.

नवऱ्याने, आनंदरावांनी, त्यावरून कधी शब्द काढला नाही. हात उगारला नाही की माहेरी धाडलं नाही. फक्त बोलताना ते तिच्या खांद्यावरून पलीकडे, दाराच्या चौकटीकडे बघायचे. चहा टाक, हे ते चौकटीला सांगायचे आणि चहा साखरबाई टाकायची. अशी एकतीस वर्षं गेली. आनंदराव गावच्या दूध संस्थेचे चेअरमन झाले, घरावर दुसरा मजला चढला, मुलगा विश्वजीत शिकून कारेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर झाला.

त्या डोळ्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. सुईत दोरा ओवायची, तांदळातला खडा लांबून टिपायची, अंधुक उजेडातही धार काढताना थेंब बाहेर जायचा नाही. डोळा आहे तसा आहे, एवढंच तिला त्याबद्दल माहीत होतं.

विश्वजीतचं लग्न ठरलं केडगावच्या सोनमशी. लग्नाला दोन महिने असताना तो एका रविवारी मोबाईल घेऊन आईशेजारी येऊन बसला.

"आई, तुझ्या डोळ्याचं करून टाकू. शिरूरला होतंय आता. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. लग्नाला ड्रोन हाय, मोठा कॅमेरा हाय, समद्यांच्या मोबाईलवर जाणार ते शूटिंग."

आनंदराव पेपर वाचत होते. "करून घे," ते चौकटीला म्हणाले.

"बघा, तुमाला काय वाटतंय ते," साखरबाई म्हणाली.

ही तिची संमती. दुसऱ्या मजल्याला, मुलाच्या शाळेला, गाय विकण्याला तिने अशीच संमती दिली होती.

शिरूरच्या एका दवाखान्यात डोळ्याचे डॉक्टर महिन्यातून दोनदा, दोन-दोन दिवसांसाठी बाहेरून यायचे. त्यांनी डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं. मग ऑपरेशन चालू असताना डोळा ओढल्यासारखा वाटत होता, पण दुखत नव्हता. कुणीतरी दुसऱ्याच बाईच्या तोंडावर काम करतंय आणि आपण शेजारी निजलोय, असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोनदा बघितलं.

"सूज आहे," ते म्हणाले. "उतरली की बसेल जागेवर."

घरी येऊन तिने मोरीतल्या आरशात बघितलं. डोळा नाकापासून सुटला होता खरा, पण मध्ये न थांबता पार दुसऱ्या कडेला गेला होता. कानाजवळ उभं राहून कुणी हाक मारावी आणि एकट्या त्या डोळ्यानेच तिकडे बघावं, तसा. आणि आरशात तोंडं दोन होती. शेजारी नळ दोन होते, बादल्या दोन होत्या. तिने बादलीला हात घातला तर हात फरशीवर आपटला.

सूज उतरली. डोळा बसला नाही. संध्याकाळी दुधाची किटली भरताना तिने अख्खं भांडं नसलेल्या किटलीत ओतलं. दूध शेणात गेलं. आनंदराव ओसरीवरून बघत होते. त्यांना वाटलं, हात निसटला.

सांगायला माणसं नव्हती असं नाही. तिला सांगावंसंच वाटलं नाही. रडूही आलं नाही. चार दिवस, आठ दिवस ती वाट बघत राहिली, की आता आपल्याला काहीतरी वाटेल, भीती तरी वाटेल. पण इंजेक्शन जणू डोळ्यातून उतरून आतच कुठेतरी जिरलं होतं. ती पदराची कड डाव्या डोळ्यावर ओढून घ्यायची आणि एका डोळ्याने भाकरी थापायची. भाकरी नीट व्हायची. मग पुढची थापायची.

विश्वजीत तिला पुन्हा शिरूरला घेऊन गेला. तिथे कळलं की ते डॉक्टर आता यायचे बंद झालेत. का, ते कुणी सांगितलं नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सहा महिने थांबा, काही काही डोळे आपोआप येतात." विश्वजीत तिच्यावर ओरडला. साखरबाई बाकड्यावर बसून समोरच्या भिंतीवरची दोन कॅलेंडरं बघत होती.

लग्न चौफुल्याच्या कार्यालयात झालं. विश्वजीतने आईसाठी काळा गॉगल आणला होता. नऊवारीवर गॉगल बघून बायका हसल्या. "विहीणबाई लई फॉर्मात हायती," कुणी म्हणालं. साखरबाईही हसली. हसायची वेळ होती म्हणून हसली. अक्षता टाकताना तिला दोन नवरदेव आणि दोन नवऱ्या दिसत होत्या, आणि मुलाचं लग्न बघताना आईला जे वाटायला पाहिजे ते येत नव्हतं.

सूनमुखाची वेळ आली. सासूच्या मांडीवर आरसा ठेवून त्यात सुनेचं तोंड बघायचं. फोटोग्राफर पुढे झाला. "काकू, तेवढा गॉगल काढा, चमक येतीय."

तिने गॉगल काढला. आरशात दोन सोनम होत्या, दोघींच्या कपाळावर मुंडावळ्या, दोघी हसत होत्या. त्यातली एक हसायची थांबली. नंतर दुसरीही. सोनमला आरशात सासूचा डोळा दिसला होता. साखरबाईने पेढा भरवायला हात पुढे केला आणि तो सुनेच्या कानापाशी गेला. सोनमने मान वळवली, तोंड पेढ्यापाशी नेलं आणि खाल्ला. कॅमेऱ्यातसुद्धा कुणाला कळलं नसेल इतकं सहज.

सोनम लग्नाआधी केडगावला एका चष्म्याच्या दुकानात दोन वर्षं कामाला होती. घरात आल्यापासून ती बघत होती. सासू पायरी उतरताना आधी पाय हवेत फिरवते. कपात चहा ओतताना कपाला एक बोट लावून ठेवते. बोलताना एक डोळा मिटून घेते. दीड महिन्याने, एका दुपारी, दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या असताना तिने विचारलं,

"आई, तुम्हाला दोन दिसतात का?"

साखरबाईचा हात थांबला.

"व्हय."

"कधीपासून?"

"पट्टी काढली तवापासनं."

"मग बोलला का नाही कुणाला?"

"कुणी इचारलंच न्हाई."

सोनमच्या डोळ्यांत पाणी आलं. साखरबाईला दोन रडणाऱ्या सुना दिसत होत्या आणि आपण काहीतरी म्हणायला हवं एवढं कळत होतं. "रडू नगं," ती म्हणाली. "शेंगा वल्या हुतील."

रात्रीच्या जेवणाला सोनमने दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा विषय काढला. आनंदरावांनी ताटावरून नजर चौकटीकडे नेली. "एकदा पोळून झालंय. आता त्या डोळ्याला कुणी हात लावायचा न्हाई. जरा वाकडा हुता, आता जरा जास्त वाकडा हाय. गॉगल हाय की."

"आप्पा, डोळा कसा दिसतो ते मी म्हणतच नाहीये," सोनम म्हणाली. "आईंना काय दिसतं ते म्हणतीये."

आनंदरावांनी भाकरी मोडली. विश्वजीत मान खाली घालून कालवत राहिला. साखरबाईने सगळ्यांना वाढलं, आणि मग तिच्या तोंडून आलं, "मी जाते." तिने ते इतक्या सपाट आवाजात म्हटलं, की घरातल्या कुणाला त्यात विरोध करण्यासारखं काही सापडलं नाही.

दौंडला तिची थोरली बहीण धुरपदा राहत होती. तिच्या नवऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात झालं होतं, त्यामुळे तिला तिथली वाट माहीत होती. सासू-सून आदल्या दिवशी दौंडला जाऊन राहिल्या. सकाळच्या गाडीने तिघी पुण्याला निघाल्या. डब्यात चढताना साखरबाईचा पाय नसलेल्या पायरीवर पडला. धुरपदाने खालून कमरेला हात लावून तिला वर ढकललं.

"पोरी असताना मीच म्हणत हुते आईला, डागतरला दाखवू," धुरपदा खिडकीपाशी बसत म्हणाली. "आई म्हणायची, देवानं दिलाय डोळा तसा. तू तरी कदी बोललीस का?"

"काय बोलायचं, आक्का?"

"आगं, कायतरी!"

साखरबाई बाहेर बघू लागली. रुळांना रूळ लागून जाताना दिसत होते. खरे किती आणि खोटे किती, ते मोजायचा तिला कंटाळा आला. तिने डोळा मिटला.

विश्वजीत परस्पर हॉस्पिटलात आला होता. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी साखरबाईला बोटाकडे बघायला लावलं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. उजवीकडे बघताना डावा डोळा अर्ध्या वाटेतच थांबायचा, नाकाकडे यायचाच नाही. मॅडमनी कागदावर डोळ्याचं चित्र काढलं.

"डोळा फिरवायला त्याच्या बाजूंनी स्नायू असतात. मागच्या वेळी नाकाकडचा स्नायू सोडवून जरा मागे शिवला होता. तो टाक्यातून निसटून आणखी मागे गेलाय. त्यामुळे त्या बाजूला डोळा ओढायला कुणी राहिलंच नाही. असं कधी कधी होतं. आपण तो शोधून परत पुढे आणून शिवू शकतो."

मग त्यांनी एक पट्टी काढली. तिच्यात जाड-बारीक काचेचे तुकडे ओळीने बसवले होते. ती त्यांनी डाव्या डोळ्यापुढे धरली आणि हळूहळू सरकवू लागल्या. समोर एक दिवा होता.

"दिवे किती?"

"दोन."

"आता?"

"दोनच. जवळ आल्यात."

"आता?"

"दोन. एकाला एक लागून."

"आता?"

समोर दिवा होता. एक. ती इतका वेळ बघत राहिली की मॅडमनी पुन्हा विचारलं.

"एक," ती म्हणाली.

मॅडमनी काच पाहिली, मागची पुढची करून पुन्हा पाहिली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "ताई, नीट ऐका. तुमचा डोळा इतकी वर्षं आत होता. तिथलं चित्र गाळून टाकायला मेंदू शिकला होता, म्हणून तुम्हाला एक दिसायचं. डोळा बाहेर गेला आणि मेंदूला ते जमेनासं झालं. आता मी डोळा अगदी मधोमध आणला तरी दोन दिसतील, एकमेकांना चिकटून. हे आत्ता काचेवर कळलं. जरासा आत ठेवला, पूर्वीइतका नाही, थोडासा, तर एक दिसेल. पण मग तो तिरळा आहे हे लोकांना कळेल."

"मॅडम, सरळच करा," विश्वजीत म्हणाला. "दोन दिसायचं हुईल हळूहळू सवयीचं."

"मी यांना विचारतेय," मॅडम म्हणाल्या.

साखरबाईला असं समोर बसून कुणी कधी विचारलं नव्हतं. बघा, तुमाला काय वाटतंय ते, हे ओठांवर आलं. सोनमने तिच्या हातावर हात ठेवला होता. तो हातही तिला जरा लांबचा वाटत होता.

"आत्ताच सांगायला नको," मॅडम म्हणाल्या. "टाका घालीन, पण गाठ पक्की मारणार नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाग्या असताना डोळ्यात बधिरतेचे थेंब टाकून दोरा मागेपुढे करू. तुम्ही सांगाल तिथे बांधू."

ऑपरेशन पंधरा दिवसांनी झालं, पूर्ण भूल देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एका खोलीत आणलं. आदल्या दिवशी न आलेले आनंदराव विश्वजीतबरोबर गाडीने आले होते आणि एकालाच आत येता येईल म्हटल्यावर तेच पुढे झाले. चेअरमन माणूस, कुठेही गेले तरी पुढे व्हायची सवय. ते दाराशी उभे राहिले.

थेंब पडले. डोळ्याला थंड वाटलं, मग काहीच वाटेना. हे तिच्या ओळखीचं होतं. इतके महिने ती अशीच तर होती. मॅडमचा हात जवळ आला, बारीक चिमटा दिसला, काहीतरी सरकलं. दुखलं नाही.

"दिव्याकडे बघा. किती?"

"दोन. लई जवळ."

"आता आरशात बघा."

नर्सने आरसा धरला. आरशात एक बाई होती. डोळे लाल, सुजलेले, पण दोन्ही समोर बघणारे. अगदी सरळ. साखरबाईने हे तोंड कधी बघितलं नव्हतं. पन्नास वर्षांची ती, स्वतःच्याच तोंडाची तिला ओळख पटेना. आणि त्या बाईला लागून, बोटभर सरकून, तशीच दुसरी बाई होती.

आनंदराव दाराशी होते ते दोन पावलं आत आले. ते बघत होते. चौकटीकडे नाही, तिच्याकडे. दोन आनंदराव, दोघे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"हां," ते म्हणाले. आवाज जरा घोगरा झाला होता. "असाच ठेवा, मॅडम. झाक झालाय."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा नवरा तिच्याकडे बघत होता. तिने वाट बघितली. आता तरी काहीतरी हलेल. पण त्या दोघांतला खरा कुठला ते तिला ठरवता येईना, आणि कुणाकडे बघून काय वाटून घ्यायचं तेही कळेना.

"मॅडम," ती म्हणाली, "आत घ्या."

"आत?"

"डोळा. जरा आत घ्या."

"अगं, काय बोलतीस!" आनंदराव म्हणाले. "सरळ आलाय की!"

"मला दोन दिसत्यात," साखरबाई म्हणाली.

मॅडमनी आनंदरावांकडे वळूनही बघितलं नाही. चिमटा पुन्हा आला. दोरा सरकला.

"किती?"

"दोन."

"आता?"

"दोन."

"आता?"

दिवा एक झाला. तिने इकडे तिकडे बघितलं. आरसा एक होता. नर्स एक. मॅडम एक, नाकावर तीळ असलेली. आनंदरावही एकच होते, आणि त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

"बांधा," साखरबाई म्हणाली.

परतीच्या वाटेवर शिक्रापूरला विश्वजीतने चहाला गाडी थांबवली. तिने चहा बशीत ओतला. एक कप, एक बशी, बशीबाहेर थेंब नाही. सोनमने तिच्याकडे बघून मान हलवली. साखरबाईने चहा पिऊन टाकला.

डोळा महिनाभर लाल होता, मग पांढरा झाला. थोडा आत राहिला, पूर्वीपेक्षा कमी, पण नीट बघणाऱ्याला कळेल इतका. गावात बायका म्हणाल्या, दोनदा कापून घेतलं आणि जिथल्या तिथं. तिने ऐकून घेतलं. तिची कामं पहिल्यासारखी व्हायला लागली. सुईत दोरा गेला. पायरी पायाखाली आली. आनंद म्हणावा असं काही झालं नाही. फोनवर धुरपदाने विचारलं, "बरं वाटतंय ना गं आता?" तेव्हा ती म्हणाली, "दिसतंय नीट. वाटायचं आजून न्हाई कळलं, आक्का."

कांद्याची लागण चालू असताना एका दुपारी सोनमच्या माहेरची माणसं आली. ओसरीवर सतरंजी टाकली. आनंदराव त्यांच्याशी बोलत होते. साखरबाई आत चहा गाळत होती, आणि तिला त्यांचा आवाज ऐकू आला.

"दोनदा क्येलं, आता काय सांगायचं पाव्हणं. पुण्याची मोठी डॉक्टर म्हणं, तिला बी काय जमलं न्हाई. ऑपरेशन फसलं."

साखरबाई ट्रे घेऊन बाहेर आली. तो तिने सतरंजीच्या मधोमध टेकवला आणि सरळ उभी राहिली.

"फसलं न्हाई," ती म्हणाली. "जमलं हुतं त्यांना. डोळा पार सरळ आला हुता. मीच म्हणलं आत घ्या, म्हणून आत घेतला."

पाहुण्यांचे हात कपापाशी थांबले. आनंदराव तिच्याकडे बघायला लागले आणि मग कुठे बघावं ते त्यांना सुचेना.

"का पण?" सोनमच्या आईने विचारलं.

"मला एक दिसाया पायजे हुतं."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि हे काय होतंय ते तिला थोड्या वेळाने कळलं. तिला राग आला होता.

"घ्या चहा," ती म्हणाली. "बिस्किटं आणते."

आत जाऊन तिने बिस्किटांचा पुडा फोडला. तो इतक्या जोरात फोडला की निम्मी बिस्किटं ओट्यावर पसरली. ती तिने एकेक करून उचलली आणि ताटलीत लावली.